हजार वाव खोल नावाची मुलगी : एक जपानी चित्रपट पाहताना

हायाओ मियाझाकी यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, भारतात ‘स्पिरिटेड अवे’ या इंग्रजी नावाने परिचित असलेला जपानी ॲनिमेशनपट २० जुलै २००१ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षी बर्लिन चित्रपट महोत्सवातील ‘सुवर्ण अस्वल’ हा सर्वोच्च पुरस्कार त्याला विभागून मिळाला, २००३ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले आणि जपानमधील तिकीटविक्रीचा ‘टायटॅनिक’चा विक्रम मोडून त्याने स्थापित केलेला उच्चांक २०२० सालापर्यंत अबाधित राहिला. इतकी कीर्ती कानावर पडल्यानंतर जो प्रेक्षक हा चित्रपट प्रथमच पाहायला बसतो, त्याची पुष्कळदा निराशा होते, कारण त्यात पराभूत करावा असा खलनायक नाही, शेवटी निर्णायक लढाई नाही आणि दोन तास पाच मिनिटांच्या कथेत असे अनेक प्रसंग येतात की ज्यांचे कारण कोणीही सांगत नाही. ही निराशा टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी चित्रपटाच्या जगातल्या काही कल्पना आधी माहीत करून घ्याव्या लागतात आणि तो पाहण्याची गती थोडी बदलावी लागते.

आरंभ शीर्षकापासूनच करणे योग्य ठरते. मूळ जपानी नाव ‘सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी’ असे असून त्याचा शब्दशः अर्थ ‘सेन आणि चिहिरो यांचे देवांनी लपवले जाणे’ असा होतो. ‘कामिकाकुशी’ हा जपानी लोकसमजुतीतील जुना शब्द आहे. एखादे मूल किंवा माणूस कोणताही माग न ठेवता नाहीसे झाले, तर त्याला कामींनी, म्हणजे देवांनी, लपवून ठेवले असे खेड्यापाड्यांत म्हटले जाई. शीर्षकात नावे दोन असली तरी मुलगी एकच आहे, हे ध्यानात ठेवून पाहणाऱ्याला चित्रपटाचा मध्यवर्ती प्रश्न पहिल्या अर्ध्या तासातच हाती लागतो, आणि इंग्रजी शीर्षकात ही दोन्ही नावे गळून गेल्यामुळे तो प्रश्न तिथे दिसेनासा होतो.

हेच कारण आवाजाच्या निवडीलाही लागू पडते. शक्य असेल तर मूळ जपानी ध्वनिपट ठेवून उपशीर्षकांसह चित्रपट पाहावा. इंग्रजी आवृत्ती काळजीपूर्वक तयार केलेली असली तरी अमेरिकी प्रेक्षकाला काही कळणार नाही या धास्तीने तिच्यात काही वाक्ये नव्याने घातली गेली आहेत. पुलावर उभी असलेली मुलगी समोरची इमारत पाहून ‘हे तर स्नानगृह आहे’ असे इंग्रजीत मोठ्याने म्हणते, आणि अखेरीस गाडीतून निघताना नव्या शाळेविषयी बापलेकींचा छोटासा संवादही ऐकू येतो; मूळ आवृत्तीत या दोन्ही जागी शांतता आहे. जपानी प्रेक्षकाला त्या इमारतीच्या पडद्यावरील ‘यु’ हे एकच अक्षर, ज्याचा अर्थ ऊन पाणी असा होतो, पुरेसे असते. मराठी वाचकाला आता तो अर्थ ठाऊक झाला असल्यामुळे त्यालाही जादा वाक्याची गरज उरत नाही.

कथा थोडक्यात अशी आहे. चिहिरो ओगिनो ही दहा वर्षांची, काहीशी रडवी आणि कंटाळलेली मुलगी आईवडिलांबरोबर नव्या गावी राहायला निघाली असताना वडील आडवाटेला गाडी घालतात, एका बोगद्यातून पलीकडच्या ओसाड वस्तीत शिरतात आणि तिथल्या रिकाम्या खाणावळीत मांडलेले अन्न आईवडील कोणालाही न विचारता खाऊ लागतात. अंधार पडताच त्या दोघांची डुकरे होतात. ती वस्ती देवांची असते, आणि तिच्या मध्यभागी देवांसाठी चालवलेले ‘आबुराया’ नावाचे प्रचंड स्नानगृह असते, ज्याची मालकीण युबाबा ही चेटकीण आहे. आईवडिलांना सोडवून परत जायचे तर तिथे नोकरी मिळवून टिकून राहणे एवढाच मार्ग चिहिरोपुढे उरतो, आणि हाकू नावाचा एक गूढ मुलगा तिला तो दाखवतो.

देव न्हायला कसे येतात, असा प्रश्न पाश्चात्त्य समीक्षकांना पडला असेल. मराठी वाचकाला तो फार वेळ पडू नये. जपानमध्ये ‘याओयोरोझु नो कामी’ असा शब्दप्रयोग आहे, त्याचा शब्दार्थ ऐंशी लाख देव आणि भावार्थ असंख्य देव. नदी, झाड, डोंगर, चूल, मुळा अशा कशातही कामीचा वास असू शकतो, आणि आपल्याकडील म्हसोबा, साती आसरा किंवा कोकणातला राखणदार यांच्याप्रमाणे त्यांतले बरेचसे कामी त्या त्या जागेचे असतात. नागानो प्रांतातल्या तोयामा खोऱ्यात हिवाळ्यात होणाऱ्या शिमोत्सुकी उत्सवात मोठ्या कढयांमध्ये पाणी उकळून देवांना स्नानासाठी बोलावले जाते, आणि या चित्रपटाच्या कल्पनेमागे त्या उत्सवाची प्रेरणा आहे. पंढरपुरात आषाढी यात्रेच्या काळात विठ्ठलाचा पलंग काढून ठेवला जातो, पाठीला लोड लावून देव अहोरात्र दर्शन देत उभा राहतो आणि यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजेत ऊन पाण्याचे स्नान व औषधी काढा देऊन त्याचा शिणवटा घालवला जातो. ज्याला ही पूजा माहीत आहे, त्याला आबुरायातले वनौषधींचे हौद आणि तिथे येणारे थकलेले, अवजड, अबोल देव परके वाटणार नाहीत. भेद इतकाच की इथे सेवा करणारे भक्त नसून पगारी नोकर आहेत, आणि मालकिणीची नजर सदैव गल्ल्यावर आहे. मियाझाकी यांच्या कल्पनेतला हा सर्वांत धारदार भाग म्हणावा लागेल, कारण देवांचे जग त्यांनी स्वर्गासारखे न रंगवता कामाच्या पाळ्या, हजेरी, मुकादम आणि वशिला असलेल्या कारखान्यासारखे उभे केले आहे.

पात्रांची नावेही याच दृष्टीने ऐकावीत, कारण जपानी कानाला ती उघड उघड अर्थपूर्ण असतात. युबाबा म्हणजे ऊन पाण्याची म्हातारी. तिची जुळी बहीण झेनिबा हिच्या नावात ‘झेनि’, म्हणजे नाणे, आहे. बॉयलर सांभाळणारा सहा हातांचा कामाजी म्हणजे भट्टीवाला म्हातारा. या सर्वांत महत्त्वाचे नाव अर्थातच नायिकेचे. जपानी नावे चिनी चित्रलिपीतल्या अक्षरांत लिहिली जातात आणि तेच अक्षर शब्दातल्या जागेप्रमाणे निराळे उच्चारले जाते. ‘चिहिरो’ या नावातले पहिले अक्षर हजार या संख्येचे आहे आणि दुसरे ‘हिरो’ या जुन्या मापाचे. दोन्ही हात पसरले असता होणारी लांबी म्हणजे एक हिरो, म्हणजेच मराठीतला वाव, जो विहिरीची किंवा समुद्राची खोली मोजण्यासाठी आपल्याकडेही वापरला जाई. चिहिरो म्हणजे हजार वाव, अथांग. नोकरीच्या करारावर तिने सही करताच युबाबा कागदावरून तिच्या नावाची तीन अक्षरे उचलून मुठीत घेते आणि ‘हजार’ हे एकच अक्षर मागे ठेवते, ज्याचा सुटा उच्चार ‘सेन’ असा होतो. म्हणजे खोली हिरावली गेली आणि नुसता आकडा उरला. कराराचा हा प्रसंग दीड-दोन मिनिटांत संपतो आणि उपशीर्षकांत त्याचा अर्थ मावत नाही, म्हणून तो आधी समजून घेतलेला बरा.

नाव काढून घेतले की माणूस ताब्यात येतो, हा या जगाचा कायदा आहे. आपले मूळ नाव विसरलेला हाकू तिथेच अडकून पडला आहे आणि चिहिरोलाही एका रात्रीत स्वतःचे नाव जवळजवळ विसरायला होते. तिला ते परत आठवते ते मैत्रिणीने दिलेल्या निरोपाच्या छोट्या कार्डामुळे. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात गाडीच्या मागच्या सीटवर ती जो पुष्पगुच्छ छातीशी धरून पडलेली असते त्यातलेच हे कार्ड, म्हणून तो गुच्छ नीट पाहून ठेवावा. लग्नानंतर मुलीचे पाळण्यातले नाव बदलून नवे नाव ठेवण्याची चाल महाराष्ट्रात अनेक घरांत होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. त्या चालीतून गेलेल्या स्त्रीला, हाक मारणारे कोणी उरले नाही की नाव कसे पुसट होत जाते, हे या प्रसंगात कोणत्याही भाष्यावाचून कळेल.

चित्रपटाचा खरा जीव मात्र कामात आहे, आणि लक्ष द्यायचे ते तिथेच. चिहिरोजवळ जादू नाही, शस्त्र नाही, विशेष बुद्धी किंवा सौंदर्यही नाही. तिला एकच वाक्य शिकवलेले असते, ते म्हणजे ‘मला इथे काम द्या’, आणि युबाबा धमकावते, भुलवते, ओरडते, तरी चिहिरो हेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते, कारण काम मागणाऱ्याला नाकारता येणार नाही अशा शपथेने चेटकीणही बांधलेली आहे. बॉयलरच्या खोलीत काजळीचे इवलेसे जीव, ज्यांना जपानीत ‘सुसुवातारी’ म्हणतात, डोक्यावर कोळसे वाहून भट्टीत टाकत असतात. त्यांतल्या एका चिरडलेल्या जिवाचा कोळसा चिहिरो उचलते आणि आता याचे काय करू म्हणून थबकते, तेव्हा कामाजी तिला खडसावतो की हाती घेतलेले काम पुरते कर, आणि दुसऱ्याचे काम मात्र हिरावून घेऊ नकोस. थोड्याच वेळाने लिन ही अनुभवी कामकरीण, कामाजीचे आभार मानलेस का, असे तिला दरडावून विचारते. हे सारे संवाद इतके घरगुती आहेत की ते सहज निसटतात, पण मुलगी बदलते ती यांच्यामुळेच. मियाझाकी यांनी हा चित्रपट परिचयातल्या दहा वर्षांच्या मुलींना डोळ्यांसमोर ठेवून योजला होता. साध्या मुलीला आधीपासून तिच्यात असलेल्या बळावरच निभावून नेता येते, हे त्यांना अशा मुलींना दाखवायचे होते, आणि ते त्यांनी चिहिरोला तिळमात्रही असामान्य न बनवता दाखवले आहे.

कामाजीच्या मागे भिंतभर उभे असलेले औषधी मुळ्यांचे असंख्य लाकडी खण डोळे भरून पाहावेत. टोकियोजवळच्या कोगानेई येथे जुन्या इमारती जतन करून उभारलेले एदो-टोकियो खुले वास्तुसंग्रहालय आहे, आणि तिथल्या एका जुन्या लेखनसाहित्याच्या दुकानातील खणांवरून ती भिंत घेतलेली आहे. अशी निरीक्षणाची शिस्त चित्रपटात सर्वत्र आढळते. जखमी हाकू ड्रॅगनच्या रूपात असताना चिहिरो त्याचा जबडा बळेच उघडून कडू गोळी भरवते, त्या दृश्यासाठी हा चित्रपट बनवणाऱ्या स्टुडिओ जिबलीचे चित्रकार पशुवैद्याकडे जाऊन औषध घेताना कुत्र्याचा जबडा कसा उघडतो ते पाहून आले होते. कल्पनारम्य कथा खोटी वाटू नये यासाठी तिच्यातली वस्तुस्थिती अतोनात खरी असावी लागते, हे तत्त्व त्यामागे आहे. म्हणूनच बूट घातल्यावर चिहिरो पावलाचा पुढचा भाग जमिनीवर हलकेच आपटते आणि पाहणाऱ्याचा तिच्यावर विश्वास बसतो.

पर्यावरणाचा विषयही असाच कामाच्या वाटेने येतो. एका पावसाळी रात्री चिखलाने आणि असह्य दुर्गंधीने भरलेला एक देव स्नानाला येतो, सगळे नाक धरून पळतात आणि नवख्या सेनवर त्याला न्हाऊ घालण्याची जबाबदारी ढकलली जाते. त्याच्या अंगात काटा रुतल्यासारखे काहीतरी तिच्या हाताला लागते, ते ओढून काढताच एक सायकल बाहेर येते आणि तिच्या मागोमाग गाळ व मोडक्या सामानाचा ढीग कोसळतो. तो दुर्गंधीचा देव नसून एक थोर नदीदेव होता, हे तेव्हा उमगते. मियाझाकी यांनी स्वतः एका नदीच्या सफाईत भाग घेतला असताना तिच्या तळातून सायकल ओढून काढली होती, त्या अनुभवावरून हा प्रसंग रचलेला आहे. पुढे हाकूचे खरे नाव उलगडते, तेव्हा तोही नदीच असल्याचे कळते. ती नदी बुजवून तिच्यावर घरे बांधली गेल्यामुळे त्याला परतायला जागाच उरलेली नाही. नाव आणि नदी हे दोन धागे तिथे एकत्र येतात. ज्यांच्या गावच्या ओढ्यावर आज वसाहत उभी आहे, अशा वाचकांना त्याचा अर्थ निराळा सांगायला नको.

काओनाशी हे पात्र सर्वांत जास्त गोंधळात टाकणारे आणि सर्वांत जास्त आवडले जाणारे आहे. ‘काओ’ म्हणजे चेहरा आणि ‘नाशी’ म्हणजे नसलेला. मुखवटा घातलेली ही काळी, अबोल आकृती पुलावर एकटीच उभी असते; चिहिरो तिच्यासाठी दार उघडे ठेवते आणि ती आत येते. आत आल्यावर तिला दिसते की इथे सोन्यासाठी सगळे लाचार होतात, म्हणून ती सोने वाटू लागते, नोकर तिच्यापुढे ताटांवर ताटे रचतात, ती अन्नही गिळते आणि नोकरांनाही गिळते. ते सोने पुढे मातीच निघते. काओनाशीला वाईट ठरवण्याची घाई पाहणाऱ्याने करू नये. स्नानगृहाबाहेर पडताच तो निवळतो आणि झेनिबाच्या झोपडीत चरख्यावर सूत कातत बसतो, यावरून विकार त्याच्यात कमी आणि त्या जागेत अधिक होता असे मानण्यास जागा राहते. त्याच्या खाण्याची तुलना चित्रपटातल्या इतर खाण्याशी करून पाहावी. आईवडील हपापून खातात ते अन्न. हाकूने दिलेले भाताचे मुटके, ज्यांना ‘ओनिगिरी’ म्हणतात आणि जे खाताना चिहिरोच्या डोळ्यांतून टपोरी आसवे गळतात. आणि लिन काजळीच्या जिवांपुढे मूठभर फेकते तो ‘कोनपेइतो’ नावाचा रंगीत खाऊ. हा शेवटचा पदार्थ मराठी डोळ्यांना चटकन ओळखू येईल, कारण संक्रांतीच्या काटेरी हलव्याप्रमाणेच तोही साखरेचा पाक थेंबाथेंबाने चढवत काटे आणून केला जातो.

गतीविषयी एक संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. जपानी कलाविचारात ‘मा’ म्हणजे दोन घटनांमधली हेतुपूर्वक मोकळी ठेवलेली जागा. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्याशी २००२ साली बोलताना मियाझाकी यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या आणि दोन टाळ्यांमधला काळ म्हणजे मा असे स्पष्ट केले होते. भारतीय रसिकाला तालातील खालीची जागा किंवा आलापातला विराम आठवला तर तो बराच जवळ पोहोचेल. या चित्रपटात मा सर्वाधिक जाणवते ती आगगाडीच्या प्रवासात. काओनाशीने घातलेला गोंधळ नुकताच शमलेला असतो, आणि पावसाने तुडुंब भरलेल्या, समुद्रासारख्या पसरलेल्या पाण्यावरून चिहिरोला झेनिबाच्या घराकडे नेणारी दोन डब्यांची गाडी निघते. कामाजीने चाळीस वर्षे जपून ठेवलेली तिकिटे त्यासाठी वापरली जातात, आणि ही गाडी पूर्वी परतही येई, हल्ली फक्त जाते, असे तो सहज सांगून जातो. गाडीत सावल्यांसारखे अर्धपारदर्शक प्रवासी बसलेले असतात, स्थानकावर उतरून जातात, बाहेर संध्याकाळ होते, संगीतकार जो हिसाइशी यांचा पियानो वाजत राहतो आणि सहाव्या स्थानकापर्यंत जवळजवळ कोणी काही बोलत नाही. हे प्रवासी कोण, ही गाडी मृतांची काय, अशी चर्चा पुष्कळ झाली आहे. ती पहिल्या वेळी बाजूला ठेवावी, हातातला फोन दूर ठेवावा आणि ही काही मिनिटे मुलीच्या शेजारच्या आसनावर बसल्याप्रमाणे घालवावीत. अवघ्या चित्रपटातला हा सर्वश्रेष्ठ भाग आहे.

कथा वळणे घेत भटकत गेल्यासारखी का वाटते, याचेही उत्तर निर्मितीच्या पद्धतीत सापडते. मियाझाकी संपूर्ण पटकथा लिहून मग चित्रपटाला हात घालत नाहीत; ते ‘एकोन्ते’, म्हणजे दृश्यागणिक काढलेली आखणीची चित्रे, क्रमाने रेखाटत जातात, आणि शेवट काय होणार हे ठरण्याआधीच सुरुवातीच्या भागाचे काम सुरू झालेले असते. त्यामुळे प्रत्येक दुव्याचा हिशेब मागणाऱ्याला काही धागे सुटे दिसतील, आणि तो आक्षेप सर्वस्वी चुकीचा नाही. हाकूने केलेली झेनिबाच्या शिक्क्याची चोरी आणि त्यामुळे त्याच्यावर आलेला शाप यांचा निकाल घाईने लागतो, हे मान्य करायला हवे.

मुलांना हा चित्रपट दाखवू इच्छिणाऱ्या पालकांनी वयाचा विचार करावा. आईवडिलांची डुकरे होणे, रक्तबंबाळ झालेला हाकू आणि काओनाशीचा हैदोस ही दृश्ये लहान मुलांना खरोखर भिववू शकतात, म्हणून सात-आठ वर्षांच्या आतील मुलांसाठी याच दिग्दर्शकाच्या १९८८ सालच्या ‘माय नेबर तोतोरो’ने सुरुवात करणे श्रेयस्कर ठरते, काजळीचे जीव त्यांना तिथेही भेटतील. मोठ्या मुलांना उपशीर्षके वाचणे जड जात असेल, तर शेजारी बसून हलक्या आवाजात मराठीत सांगावे, पण सांगताना अर्थ सांगू नये, फक्त बोलणे सांगावे. ‘आता ती घाबरली आहे’, ‘हे प्रदूषणाविषयी आहे’ असे स्पष्टीकरण मुलाच्या वाट्याचे पाहणे हिरावून घेते, आणि कामाजीचा नियम पालकांनाही लागू आहे.

दुसऱ्यांदा पाहताना बोगद्याकडे लक्ष द्यावे. जाताना त्याचे प्रवेशद्वार लाल गिलाव्याचे असते, इतके की वडील भिंतीला हात लावून हे बांधकाम तसे नवेच आहे असे म्हणतात आणि ही १९९०च्या सुमारास आर्थिक भरभराटीच्या लाटेत उभारलेली, नंतर बंद पडलेली करमणूकनगरी असावी असा अंदाज बांधतात. परतताना तेच द्वार जुन्या दगडाचे झालेले असते आणि गाडीवर पाचोळा व धूळ साचलेली असते. चिहिरो मात्र जाताना जशी आईच्या हाताला बिलगली होती तशीच येतानाही बिलगलेली दिसते. ती धीट नायिका होऊन परतली, असे दिग्दर्शक म्हणत नाही. झेनिबाच्या घरी सर्वांनी मिळून विणलेला केसांचा दोरा क्षणभर चमकतो, एवढीच खूण मागे राहते.

स्टुडिओ जिबलीचे चित्रपट फेब्रुवारी २०२० पासून नेटफ्लिक्सवर टप्प्याटप्प्याने आले आणि भारतातल्या प्रेक्षकाला ते घरबसल्या पाहण्याची सोय झाली. या सोयीबरोबर एक गैरसोयही येते: श्रेयनामावली सुरू होताच पडदा आक्रसतो आणि पुढचा कार्यक्रम सुचवला जातो. तो त्या वेळी थांबवावा. योउमी किमुरा यांनी लायर या तंतुवाद्याच्या साथीने गायलेले शेवटचे गीत त्या नावांवर वाजत असते आणि मागे त्या जगातली रिकामी, निःशब्द चित्रे एकामागून एक येत राहतात. त्यांतले शेवटचे चित्र नदीच्या पाण्यातल्या एका लहानशा बुटाचे आहे. तो बूट कोणाचा आणि नदी कोणती, हे चित्रपट लक्षपूर्वक पाहिलेल्याला तिथे कळते. तोवर जागचे उठू नये.